पलंग सहा, पट्टे चार

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा इकडं या, कुंपणापाशी. मोठ्यानं नाही बोलता यायचं. पलीकडं अण्णा ओसरीवरच बसलेत, आणि त्यांना एरवी हाक मारली तर ऐकू येत नाही, पण नको ते बरोबर ऐकू येतं.

तर अण्णांच्या घरी मोटरहोम घ्यायचं चाललंय! हो, तेच ते. आत पलंग, ओटा, संडास, सगळं असतं ते. हसू नका, खरं सांगतेय. वाड्याची मागची भिंत किती दिवस झाले टेकूवर उभी आहे, आणि यांना चाकांवरचं घर... जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

खूळ कुठनं शिरलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. नृसिंह जयंतीला ती पुण्याची मंडळी नव्हती का आली, पांढरी लांबलचक गाडी घेऊन? दरवर्षी कुळाचाराला येतात तीच. एरवी गुरुजींकडं उतरतात, यंदा गाडीतच राहिली. घाटाकडं झाडाखाली गाडी लावली, बाजूची ताडपत्री ओढून मांडव केला, खुर्च्या टाकल्या, आणि ती बाई आत उभी राहून चहा करतेय! लोक नीरा-भीमेच्या संगमावर स्नानाला निघालेले, ते वाटेतच थांबले. प्रल्हादानं वाळूची केलेली मूर्ती राहिली देवळात, आणि हे बघतायत गाडीतला नळ. अण्णा तीनदा चक्कर मारून आले. काकी म्हणाल्या, "प्रदक्षिणा तिकडं घालायची असते." पण अण्णांच्या कानात ते कुठलं शिरायला!

त्या पुण्याच्या बाईंशी मी पण बोलले बरं का. तुमच्याशी म्हणून सांगते. नवरा बाहेर गाडीचं कौतुक सांगत होता आणि ही आत मला म्हणाली, "काकू, घेणार असलात कुणी तर आधी दोन टाक्या बघा." मी म्हटलं, दोन कशाला? तर म्हणे एक चांगल्या पाण्याची आणि एक सांडपाण्याची. यांच्या गाडीत चांगल्या पाण्याची मोठी आणि सांडपाण्याची तिच्या निम्मी. निम्मं पाणी वापरलं की खालची भरली. मग सिंकमधनं पाणी उलटं वर यायला लागलं आणि... शी, राहू दे. आत्ताच जेवलाय तुम्ही. पण ते मी डोक्यात ठेवलं, आणि पुढं उपयोगी पडलं, ते सांगतेच.

तर काय सांगत होते? हां. अण्णांचा थोरला मुलगा पिंपरीहून आला तो मोबाइलभर फोटो घेऊनच. दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याला जायचं, फलटण, सातारा, कोयना, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. सगळं ठरवून आलेला. हॉटेलचं टेन्शन नको, आजीला बाहेरचं खाणं नको, मुलांना पाहिजे तिथं थांबायचं. ऐकायला गोडच आहे हो. आणि त्याचं काही वेड्यासारखं नव्हतं. 2021 साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणच काढलं ना, केरळनंही त्याच वर्षी काढलं. म्हणजे वर बसलेल्यांनाही हे खूळ आहेच.

मग पुण्यातल्या एका विक्रेत्याचा माणूस आला माहिती सांगायला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. ओसरीवर सगळे गोळा. मी काय, मी विरजण मागायला गेले होते. विरजण मिळालं होतं, पण लगेच निघणं बरं दिसत नाही ना. तो म्हणाला, "सर, झोपायला सहा जण. टीव्ही बत्तीस इंची. छताला निळा लाइट." अण्णा खूश. थोरला खूश. नातू तर निळ्या लाइटनं वेडाच झाला. किंमत सांगितली तेव्हा काकींनी पदर सावरला आणि हळूच म्हणाल्या, "एवढ्यात इंदापूरला गाळा येतो." पण तो आवाज कुणी ऐकला नाही. म्हणजे मी ऐकला.

आणि मग आजी बोलल्या. तुम्हाला माहिती आहेत आजी. खांबाला टेकून वाती वळत होत्या, वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "झोपायला सहा, ते कळलं. गाडी चालू असताना बसायला किती?"

तो माणूस टॅबवर बोट फिरवत राहिला. म्हणाला, "आजी, सोफा आहे ना, सोफ्यावर बसतील." आजी म्हणाल्या, "सोफ्याला पट्टा आहे का?" अहो, त्याचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! पुढं दोन आणि मागं दोन, एवढ्याच सीटना बेल्ट. बाकीचा सोफा आडवा, भिंतीला लागून. कुंभार्लीच्या वळणावर ब्रेक मारला की आडव्या सोफ्यावरचं माणूस थेट ओट्यावर. घरची माणसं निघणार सात. आजी, अण्णा, काकी, थोरला, त्याची बायको, दोन पोरं. धाकटा आणि त्याची बायको राहणार मागं, म्हशी कोण बघणार? आणि दिवाळी झाली की ऊसतोड सुरू. म्हणजे माणसं सात, पलंग सहा, पट्टे चार.

थोरला म्हणाला, "आजी, ॲडजस्ट करू." आजी म्हणाल्या, "झोपायचं ॲडजस्ट होतं रे. पुळ्याला एमटीडीसीचं आहे, एक खोली घ्या, दोघं तिथं झोपा. पण धावत्या गाडीला बाहेर खोली जोडता येते का?" आता सांगा, काय चूक बोलल्या? ओसरीवर एकदम गप्प. निळ्या लाइटचं नाव परत कुणी काढलं नाही.

नाही, पण थोरली सून! तिचं ऐका ना. ती एवढा वेळ दारात उभी. पुण्याची मुलगी, शिकलेली, जास्त बोलत नाही. ती पुढं येऊन म्हणाली, "टॉयलेट कसलं आहे?" त्याला वाटलं आता सुटलो. म्हणाला, "मॅडम, एकदम इम्पोर्टेड. कॅसेट टॉयलेट. खाली वीस लिटरची पेटी असते, भरली की बाहेरच्या दारातनं ओढून काढायची, चाकं असतात, ओढत न्यायची आणि रिकामी करायची." ती म्हणाली, "कुणी?"

बाई गं! मी तर विरजणाची वाटी घट्ट धरून बसले. अण्णांनी थोरल्याकडं बघितलं. थोरल्यानं धाकट्याकडं बघितलं. धाकटा म्हणाला, "मी तर येणारच नाही." सात माणसं म्हणजे ती पेटी दीड दिवसात भरणार, आणि आपल्याकडं ती ओतायला जागा कुठं आहे जागोजागी? अण्णांचा भाचा न्यू जर्सीला आहे ना, त्याला तिथल्या तिथं व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "मामा, इकडं कॅम्पग्राउंडला पैसे भरले की वीज, पाणी आणि मैल्याची नळी तिन्ही जोडून मिळतं. डम्प स्टेशनं असतात." अण्णा म्हणाले, "इकडं काय करायचं?" भाच्यानं नेटवर्क गेल्यासारखं केलं. मी सांगते, नेटवर्क गेलं नव्हतं, मागं त्याचा पंखा फिरताना दिसत होता.

शेवटी आजींनीच निकाल दिला. "जो म्हणाला घ्यायची, तो रिकामी करील." अण्णा आणि थोरला, दोघांचीही तोंडं इवलीशी झाली. पण नियम ठरला बरं का, की ते संडास फक्त रात्री आणि अडचणीला. दिवसा पेट्रोल पंप नाहीतर हॉटेल. आणि ओतायचं ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारून, त्यांच्याच संडासात. ओढ्यात नाही. आपण नदीकाठची माणसं, आपल्याला कुणी सांगायला नको.

तर काय सांगत होते... हां, टाक्या! तिथं मी तोंड उघडलं. आता लोक म्हणतील शेजारीण मध्ये बोलते, पण पुण्याच्या बाईंचा अनुभव फुकट कशाला घालवायचा? मी विचारलं, "पाण्याची टाकी केवढी आणि सांडपाण्याची केवढी?" तो म्हणाला दीडशे आणि साठ. मी फक्त आजींकडं बघितलं. आजींनी हिशोब मांडला. एका अंघोळीला बादलीभर, म्हणजे पंधरा लिटर धरा. सात माणसं. एकशे पाच. सकाळच्या अंघोळीतच दोन तृतीयांशांच्या वर पाणी संपलं, आणि खालची साठाची टाकी चौथ्याच माणसाला भरली. वर भांडी, चहा, तांदूळ धुणं राहिलंच. काकी म्हणाल्या, "म्हणजे अंघोळी मुक्कामावर, आणि गाडीतलं पाणी हातपाय धुवायला." मग त्या शॉवरच्या काचेच्या दाराला पैसे कशाला द्यायचे, असं कुणीतरी म्हणालं. मीच म्हणाले असेन.

मग अण्णा जागे झाले. अहो, त्या माणसाचं आयुष्य साखर कारखान्याच्या काट्यावर गेलंय. भरलेली ट्रॉली किती, रिकामी किती, मधला ऊस किती, यात त्यांना कुणी फसवलेलं नाही. म्हणाले, "दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. सात माणसं धरा चारशे. गादी, भांडी, सिलिंडर, पोरांच्या सायकली. गाडीचं रिकामं वजन किती आणि पासिंग किती?" तो माणूस म्हणाला, "सर, इंजिन पॉवरफुल आहे." अण्णा म्हणाले, "इंजिन नाही विचारलं. आरसीवर दोन आकडे असतात, ते सांगा." नव्हते हो त्याच्याकडं! टॅबमध्ये लाइटचे बारा रंग होते, वजन नव्हतं. अण्णांनी तिथंच जाहीर केलं, की कुठलीही गाडी ठरली तरी आधी रिकामी काट्यावर, मग सगळं भरून माणसांसकट काट्यावर. ज्यादा झालं तर सामान उतरेल, माणूस नाही. आजी म्हणाल्या, "आधी टीव्ही उतरवा."

लायसनचा घोळ मात्र झाला नाही. साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला आपलं साधं चारचाकीचं लायसन चालतं, आणि ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेल्या असल्या गाड्या त्याच्या आतच असतात. थोरला छाती काढून म्हणाला, "मीच चालवणार." त्याची बायको माझ्याकडं बघून... नाही, काही बोलली नाही. पण गेल्या गणपतीत वाड्याच्या दिंडी दरवाजापाशी कारचा आरसा कुणी तोडला, ते सगळ्या आळीला माहिती आहे.

आता धाकट्याची गंमत. तो एवढा वेळ गप्प होता, कारण त्याच्या मनात वेगळंच. म्हणाला, "एवढे पैसे कशाला घालवता? आपला जुना टेम्पो आहे. अकलूजचा सुतार बोलावतो, प्लायवूड ठोकतो, वर टाकी बसवतो, पंधरा दिवसांत घर तयार." एकदम सगळ्यांचे डोळे चमकले. अण्णा तर म्हणाले, "हा खरा शेतकरी!" अर्धा तास सगळे कागदावर पलंग काढत बसले. पण थोरली सून मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होती. तिनं शांतपणे सांगितलं, की 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय, कंपनीनं गाडी जशी दिली त्याहून तिची मूळ रचना बदलली तर आरटीओत नोंदणी होत नाही. मोटर वाहन कायद्याचं कलम 52. आणि कॅराव्हॅनसाठी वेगळं मानक आहे, एआयएस 124. पुण्यात वेताळ टेकडीवर गाड्या तपासणारी एआरएआय आहे ना, तसल्या संस्थेकडनं पास झालेली बांधणी लागते. आत काय हवं तेसुद्धा नियमात आहे म्हणे. बसायला सीट आणि टेबल, झोपायची जागा, स्वयंपाकाची सोय, सामान ठेवायची जागा. हे नसेल तर ते मोटर कॅराव्हॅनच नाही.

धाकट्यानं कागद घडी करून खिशात घातला. चेहरा असा झाला, की आजींनी त्याला लाडू दिला. पण मी म्हणते, बरंच झालं. वायरी कुणी कशा जोडल्या, गॅस कुठं ठेवला, एखादी ठिणगी... आणि अपघात झाला तर विम्यावाला पहिला प्रश्न हाच विचारणार. म्हणून हे बघायचं, की आरसीवर कॅराव्हॅन म्हणूनच नोंद आहे का. आणि पांढऱ्या नंबरप्लेटची घरची गाडी घेऊन ती मधल्या काळात भाड्यानं देऊ, असंही अण्णांच्या मनात होतं. तेही जमत नाही. भाड्याला द्यायची तर वेगळी प्लेट, परमिट, त्याचा टॅक्स. तिथं अण्णांची दुसऱ्यांदा हवा गेली.

स्वयंपाकाचं राहिलंच की! काकी म्हणाल्या, "मी गाडीत पुरणपोळ्या करीन." तो माणूस खूश, म्हणाला इंडक्शन आहे, लिथियम बॅटरी आहे, वर सोलर. थोरल्यानं हिशोब केला, इंजिनिअर आहे शेवटी. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे चोवीसशे वॅट-तास. इंडक्शन दोन हजार वॅटची. पूर्ण जोरात लावली तर तासाभरात बॅटरी संपली. एसी लावला तर दोन-अडीच तास. काकी म्हणाल्या, "म्हणजे पुरण शिजायच्या आत बॅटरी बसली." मग जनरेटर आला चर्चेत. पण रात्री जनरेटर लावला की आवाज, आणि त्याचा धूर खिडकीतनं आत आला तर झोपलेला माणूस उठायचाच नाही. ते बंद. शेवटी ठरलं, एसी हवा असेल तर मुक्कामाला वीज जोडून मिळेल तिथंच थांबायचं. नाहीतर पंखा आहेच.

गॅसचं आजींनी बरोबर ओळखलं. म्हणाल्या, "गॅस गळला तर वर जात नाही, खाली साचतो." खरंच आहे, हवेपेक्षा जड असतो तो. म्हणून सिलिंडरचा कप्पा बाहेरनं उघडणारा, आतल्या बाजूनं बंद, आणि त्याच्या तळाला जाळी. गाडी हलायच्या आधी सिलिंडरचा खटका बंद. ते कोण बघणार, तर काकी. आणि पोळ्या, चटण्या, धपाटे घरनंच. गाडीत फक्त चहा, दूध, खिचडी.

अहो, तुम्ही म्हणाल आजींना एवढं कसं कळतं. विसरलात का? सराटीला तुकोबांच्या पादुकांना नीरेत स्नान घालतात, तिथनं आजी दिंडीत निघायच्या त्या थेट पंढरपूर. पाय होते तोवर कधी चुकवलं नाही. दिंडीचा ट्रक हेच तर मोटरहोम! तंबू, शेगड्या, पिठाची पोती, पाण्याचा टँकर मागं. त्यात शेवटी काय चढवायचं आणि आधी काय उतरवायचं, हे ज्याला कळलं त्याचीच दिंडी वेळेवर जेवते. आजी म्हणतात, ट्रकात पहाटे तीनला अंधारात हात घातला तरी चूल हाताला लागली पाहिजे. म्हणून त्यांनी त्या माणसाला फोटोतला पलंग उघडून दाखवायला सांगितला. तर पलंग केला की कपाटाचं दार उघडत नाही! आणि टेबल मोडल्याशिवाय पलंग होत नाही. म्हणजे नातू आठला झोपला की बाकीच्यांनी उभ्यानं जेवायचं. हे फोटोत कळत नाही हो. प्रत्यक्ष गाडीत सगळ्यांनी एकदम शिरायचं, पलंग करायचा, मोडायचा, एकानं संडासला जायचं, एकीनं ओट्याशी उभं राहायचं. तरच कळतं कोण कुणाच्या पायात येतं.

आणि पायरी! आजींचे गुडघे. पहिली पायरी जमिनीपासनं किती उंच, धरायला दांडा आहे का. वरच्या पलंगावर म्हातारं माणूस चढणार नाही, लहान पोरगं पडेल, म्हणजे वर थोरला आणि त्याची बायको. इथं त्या दोघांचा चेहरा कसा झाला ते मी सांगणार नाही. तुम्ही समजून घ्या.

तर काय सांगत होते? मोठी की छोटी. छोट्याचाही विचार झाला. 2022 ला महिंद्रानं बेंगळुरूच्या कॅम्परव्हॅन फॅक्टरीबरोबर बोलेरो कॅम्परवरचं जाहीर केलं होतं ना, तसलं. गल्लीत वळतं, घाटात हलकं. पण त्यात माणसं चार. नवराबायको आणि दोन पोरांना छान. थोरल्या सुनेच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी चमकलं, मी बघितलं. लगेच काकी म्हणाल्या, "मग आम्ही काय एसटीनं यायचं?" विषय संपला.

मोठ्या गाडीचं दुखणं वेगळं. छतावर एसी धरून उंची नऊ फुटांच्या वर जाते. गावोगावच्या कमानी, रेल्वेचे भुयारी रस्ते, जत्रेतल्या लोंबत्या वायरी, आंब्याच्या फांद्या. धाकटा म्हणाला, उंची खडूनं स्टिअरिंगसमोर लिहून ठेवा. शहाणाच आहे तो. आणि त्यात आपल्याकडं उसाच्या डबल ट्रॉल्या. इंदापूर-अकलूज पट्ट्यात सीझनला रात्री गाडी चालवायची म्हणजे पुढं ऊस, मागं ऊस. म्हणून नियम झाला, अंधार पडायच्या आत मुक्काम. पुळ्याला गाडी वाळूत न्यायची नाही, तोही नियम. दर सुट्टीत कुणाची तरी गाडी कोकणात भरतीत सापडते आणि पेपरात फोटो येतो. अण्णांना फोटो चालला असता, पण असा नाही.

मुक्कामाचं कुठं करायचं, त्याची यादी थोरल्या सुनेनं केली. एमटीडीसीला आधी फोन करून विचारायचं, आवारात लावू देता का, वीज देता का. आणि कृषी पर्यटन केंद्रं. आपल्या बारामतीच्या पळशीवाडीनंच तर हे महाराष्ट्राला शिकवलं. शेतावर जागा असते, पाणी असतं, भाकरी मिळते, पोरं मोकळी सुटतात.

आता शेवट ऐका. एवढं सगळं झाल्यावर तो विक्रेत्याचा माणूस घामाघूम. म्हणाला, "मग सर, बुकिंग अमाउंट?" अण्णांनी आजींकडं बघितलं. आजी म्हणाल्या, "आधी भाड्यानं आणा. एक फेरी करा. परत आल्यावर एकमेकांशी बोलत असलात तर विकत घ्या." काकींना एवढं हसू आलं, की त्यांनी तोंडाला पदर लावला. त्या माणसाला चहा दिला, दोन लाडू दिले, वाटेला लावला. चांगला होता बिचारा. जाताना आजींच्या पाया पडला.

मग परवा थोरल्यानं पुण्यात एक भाड्याची ठरवली. टीव्ही नाही, निळा लाइट नाही. पण ड्रायव्हरसकट सात पट्टे, सगळ्या सीटा पुढं तोंड केलेल्या. आत पलंग पाच, म्हणून पुळ्याला एक खोलीही बुक केली. दोन्ही टाक्या सारख्या. अण्णांनी आरसीचा फोटो मागवून वजनाचे आकडे वहीत उतरवले. सगळं जमलं, सगळे खूश. मीसुद्धा घरी येऊन यांना म्हटलं, बघा, अशी निवडतात गाडी.

आणि काल... जरा जवळ या. काल संध्याकाळी अकलूजच्या आत्याबाई आल्या. हो, अण्णांची बहीण. हातात पिशवी, पिशवीत नवा स्वेटर. ओसरीवर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पुळ्याला समुद्राचा वारा फार असतो म्हणे, म्हणून स्वेटर घेऊन ठेवला."

सांगितलं कुणी त्यांना? मला नका विचारू. मी फक्त बाजारात भेटल्या तेव्हा सहज म्हटलं होतं, की गाडी छान प्रशस्त आहे. पट्ट्यांचं बोलायचं राहून गेलं. आता माणसं आठ आणि पट्टे सात. अण्णा म्हणतात बहिणीला नाही कसं म्हणू, थोरला म्हणतो आठवा माणूस बसवणार नाही, आणि काकी काल रात्रीपासनं बोलायला लागल्यात, की मला कोकणातला दमटपणा सोसत नाही, मी राहीन घरी. पण राहणार नाहीत हो त्या! त्यांनी पण नवी साडी काढून ठेवलीय. मी बघितली वाळत घातलेली.

आता आज दुपारी परत सगळे बसणार आहेत ओसरीवर. तुमच्याकडं विरजण असेलच, पण नाहीये म्हणा. दोघी मिळून मागायला जाऊ.